लेकीला जोंगा हवी आहे

लेक अठरा वर्षांची झाली. लर्निंगनंतरचं पक्कं लायसन्स हातात पडलं त्याच रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, रांझीला एक जोंगा विकायला आहे. जाऊन बघू या?"

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि नुसती आमटी वाढली. दोष कोणाचा हे तिला ठाऊक होतं. या पोरीला मी ससा-कासवाच्या गोष्टी कमी आणि जोंगाच्या जास्त सांगितल्या आहेत. त्यात पोस्टिंग मिळालं ते नेमकं जबलपूरला, जोंगाच्या माहेरी.

फौजेबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. जोंगा हे नाव जपानी नाही, आफ्रिकी तर नाहीच. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या लांबलचक नावाची ती इंग्रजी आद्याक्षरं. मूळ गाडी निसानची पॅट्रोल. परवाना घेऊन ती इथल्या व्हेईकल फॅक्टरीत बनू लागली. ही फॅक्टरी १९६९ सालची. शक्तिमान ट्रक, निसान वन टन आणि जोंगा या तिच्या तीन लेकरांनी फौजेची दोन-तीन पिढ्या चाकरी केली. जोंगाचं इंजिन सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं पेट्रोल. टाकीकडे बघून एमटी हवालदाराच्या पोटात गोळा यायचा. पुढे जिप्सी आल्या आणि १९९९ मध्ये जोंगा बनायची थांबली. जुन्या गाड्या लिलावात गेल्या, शौकिनांनी घेतल्या. २०१९ मध्ये धोनी रांचीत हिरव्या जोंगातून फिरताना दिसला. त्यामुळे रांझीच्या विकणाऱ्याच्या तोंडून पहिल्या पाच मिनिटांत धोनीचं नाव निघालं, हे सांगायला नको.

हो, आम्ही बघायला गेलो. मीच नाही म्हणू शकलो नाही.

गाडी १९८६ची. हिरव्या रंगाखाली आणखी दोन हिरवे रंग. मालकाने दाखवायला एका मिस्त्रीजींना बोलावलं होतं. व्हेईकल फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी बॉनेट उघडलं आणि लेक जी आत वाकली ती अर्धा तास. मी कागद बघत होतो. चॅसिस नंबर, इंजिन नंबर, आरसीवरचा नंबर, लिलावाचा कागद. जुन्या फौजी गाडीत पहिला आजार इंजिनात नसतो, कागदात असतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं. व्हिंटेजची वेगळी नोंदणी २०२१च्या नियमाने मिळते, पण पन्नास वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि मिळाली तरी ती गाडी रोज चालवायची नाही. त्यात उद्या माझी बदली दिल्लीला झाली तर? तिथे जुन्या गाड्यांचं काय चाललंय ते सगळे जाणतातच.

परत येताना लेकीने आपली बाजू मांडली. अगदी सँड मॉडेलवर ब्रीफिंग दिल्यासारखी. जोंगा पळत नाही, म्हणजे वेगाचा मोह नाही. दोन्ही हात स्टिअरिंगला आणि गिअरला लागतात, म्हणजे मोबाइलला हात मोकळाच नाही. बिघडली तर पान्याने दुरुस्त होते, लॅपटॉप लागत नाही. पत्रा जाड. आणि शेवटी हुकमाचं पान: "बाबा, तूच सांगतोस ना, ती उलटली होती, सरळ केली आणि एका सेल्फमध्ये सुरू झाली?"

मी सदर बाजाराच्या जवळ गाडी बाजूला घेतली. खव्याची जिलबी घ्यायची आहे म्हणालो. जिलबी घेतली नाही.

ती गोष्ट खरी आहे, पण अर्धी. उरलेली मी तिला कधीच सांगितली नव्हती. युनिटबाहेर फारशी कोणालाच नाही.

२००२. ऑपरेशन पराक्रम. आम्ही राजस्थानात सीमेजवळ होतो. डेहराडूनहून बाहेर पडून मला वर्ष झालेलं नव्हतं. युनिटमध्ये जिप्सी होत्या, तरी एक जोंगा एमटीत उरली होती आणि ती चालवायची मला भारी हौस. ड्रायव्हर एक नाईक, सांगली जिल्ह्यातला. नियम असा की गाडी ड्रायव्हरनेच चालवायची. मी म्हणालो, "सरका." ते सरकले. लेफ्टनंटला नाईक नाही म्हणत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

कालव्याच्या बांधावरची वाट, संध्याकाळ, वर आलेली वाळू. ब्रेक मारला. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते एकसारखे लागतील याची खात्री नसते. गाडी डावीकडे ओढली गेली आणि बांधावरून एक पलटी खाऊन खाली आली. वेग ताशी चाळीससुद्धा नसेल. पट्टे नव्हतेच. मी स्टिअरिंगला धरून होतो, बरगड्यांवर निभावलं. नाईक डॅशबोर्डवर आदळले आणि मग अर्धे बाहेर. खुबा मोडला.

त्यांना ॲम्ब्युलन्समधून नेलं आणि तासाभराने रिकव्हरीवाल्यांनी गाडी सरळ केली. सेल्फ मारला. सुरू झाली. स्वतःच्या चाकांवर युनिटात आली. मडगार्ड चेपलं होतं, बस्स. हीच ती गोष्ट, जी मी वर्षानुवर्षं मेसमध्ये आणि लेकीच्या उशाशी अभिमानाने सांगत आलो.

जाड पत्र्याचं कौतुक मी तेव्हापासून करत नाही, निदान मनातल्या मनात. आजची गाडी धडकेत पुढून चुरगळते ती मुद्दाम चुरगळावी म्हणून. तो मार गाडी खाते. जोंगा मार खात नाही, आतल्यांना देते. तिचा स्टिअरिंगचा दांडा अखंड लोखंडी.

चौकशी झाली, मी खरं ते सांगितलं, मला शिक्षा झाली. ती दोन वर्षांत मीही विसरलो. नाईकांची मेडिकल कॅटेगरी उतरली. त्यांनी पुन्हा फौजेची गाडी चालवली नाही. पेन्शनवर गेले तेव्हा डावा पाय ओढत होते.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, रडेल किंवा रागावेल. तिने विचारलं, "आता कसे आहेत ते?"

मला माहीत नव्हतं. शेवटचा फोन अकरा वर्षांपूर्वीचा.

गाडीचा निर्णय त्या मानाने सोपा होता. रोज कॉलेजला न्यायला जुनी छोटी हॅचबॅक, पण २०१९च्या जुलैनंतर बनलेली. त्या वर्षी एप्रिलपासून नव्या गाड्यांना एबीएस आणि जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, म्हणून हा महिना. रंग तिने निवडायचा. पांढऱ्या रंगावर ती चार दिवस फुगून होती, कारण बजेटमध्ये दुसरा मिळालाच नाही. जोंगा घेतली नाही. कुणी तरी घेतीलच. ज्यांनी घ्यावी त्यांनी हौसेने घ्यावी, रविवारी काढावी. अठराव्या वर्षी, पहिली गाडी म्हणून, एकटीने हायवेवर, याला माझी सही नाही. वेग कमी असतो हे कारण पुरत नाही. माझाही कमीच होता.

पण मिस्त्रीजींनी तिला सोडलं नाही. "बिटिया को इतवार को भेज दीजिए साहब, हाथ काले करेगी तो समझेगी." गेले सहा रविवार ती जाते. गाडी अजून विकली गेलेली नाही. डबल क्लच शिकली, तोही अंगणातल्या अंगणात. मागच्या रविवारी ड्रम उघडून ब्रेक शू बघितले आणि घरी येऊन मला म्हणाली, "बाबा, ही पण डावीकडे ओढते."

त्या रात्री मी जुन्या डायरीतून नंबर काढला. नंबर बदललेला. युनिटच्या सुभेदार साहेबांकडून नवा मिळवला. नाईकांचा आवाज तसाच. शेती करतात, मुलगा पिकअप चालवतो. इकडचं तिकडचं झालं, मग मी जोंगाचं सगळं सांगितलं, लेकीचंही.

थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "तसली गाडी घ्यायचीच झाली तर पट्टे बसवून घ्या साहेब. पत्र्याला नको, चॅसिसला." आणि लगेच, "पोरगी कुठंय? द्या तिच्याकडं."

वीस मिनिटं बोलत होते दोघं. काय बोलले ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.