पोपटी, चेनिन ब्लाँ आणि काकूची पेन्सिल

आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली. हॉल, बुफे, आहेर हे काहीही नको, असं दोघांनीही आधीच बजावून ठेवलं होतं. शेवटी ठरलं ते असं की, जानेवारीतला शनिवार धरायचा, मित्राचं भिवपुरीचं फार्महाऊस घ्यायचं, घरचेच लोक बोलवायचे आणि रात्री पोपटी लावायची. आणि माझ्या डोक्यातून निघालेली भर म्हणजे, सोबत वाइन.

आता सॉफ्टवेअरवाल्या माणसाकडे असं काम दिलं की तो काय करतो? एक्सेल उघडतो. एकूण माणसं 24. त्यातली लहान मुलं 4, 'आम्ही नाही बाबा' म्हणणारे 8, उरले 12. पार्टी चार तासांची. माणशी तासाला एक ग्लास धरला तर 48 ग्लास. 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास बसतात. म्हणजे 10 बाटल्या. शीट मस्त हिरवी-पिवळी रंगवून मी बायकोला दाखवली. ती म्हणाली, "आणि काकू?"

काकू शीटमध्ये 'आम्ही नाही बाबा'च्या रकान्यात होती. पण बायकोचा प्रश्न तो नव्हता.

माझा काका 2009 मध्ये गेला. लिव्हर. आमच्या घरात या विषयावर कोणी बोलत नाही, 'आजारी होता' एवढंच म्हणतात. काका वाईट माणूस नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. मला सायकल त्यानेच शिकवली.

आमंत्रण द्यायला डोंबिवलीला काकूकडे गेलो, तेव्हा मी सरळ सांगूनच टाकलं की वाइन असणार आहे. वर मखलाशीही केली, "काकू, वाइन म्हणजे दारू नाही गं. द्राक्षांचीच तर असते." जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला, तेव्हा या वाक्यावरून केवढं रणकंदन झालं होतं आठवतंय ना? तेच वाक्य मी काकूला ऐकवलं.

काकूने विचारलं, "बाटलीवर टक्के किती लिहिलेले असतात?"

"साडेबारा-तेरा."

"आणि त्याच्या व्हिस्कीवर 42.8 असायचे. मला पाठ आहे. बरं, ग्लास केवढा?"

मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि गप्प झालो. तुम्हीही करून बघा. 150 मिलीचे साडेबारा टक्के म्हणजे पावणेएकोणीस मिली अल्कोहोल. 45 मिली व्हिस्कीचे 42.8 टक्के म्हणजे सव्वाएकोणीस मिली. म्हणजे वाइनचा एक भरलेला ग्लास आणि व्हिस्कीचा दीड पेग, फरक अर्ध्या मिलीचा! माझ्या शीटमध्ये मी प्रत्येक माणसाला तसे चार लिहिले होते.

काकू चहा ओतत म्हणाली, "मी बाटलीवर पेन्सिलीने खुणा करायचे, किती उतरली ते कळायला. त्याला माहीत होतं. तो पाणी घालून खुणेपर्यंत आणून ठेवायचा." मग थोडं थांबून, "मी येणारे हं. वहिनींचा दिवस आहे. फक्त कुणी कुणाला 'घे रे थोडी' म्हणू नका."

परतीच्या लोकलमध्ये विचार करत होतो. आपल्याकडे आग्रह म्हणजेच पाहुणचार. जिलबी वाढताना पानावर हात आडवा धरला तरी वाढणारा वाढतोच. आपण तोच आग्रह जसाच्या तसा ग्लासालाही लावतो. नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं, गोळ्या चालू आहेत म्हणून नाहीतर वार आहे म्हणून. जिलबीने जास्तीत जास्त पोट बिघडतं. इथे एखाद्याचं घर बिघडू शकतं. आणि आमच्या यादीत काकूचा मुलगाही होता, वय 31. मी त्याला बिनदिक्कत बारा जणांत धरलं होतं. विचारलं कुठे होतं?

रात्री शीट पुन्हा लिहिली. ग्लास 100 मिलीचा. माणशी तीन, म्हणजे 36 ग्लास, 3,600 मिली, पाच बाटल्या. एक जास्तीची धरून सहा. त्यात दोन स्पार्कलिंग, दोन चेनिन ब्लाँ, एक सोव्हिन्याँ ब्लाँ, एक शिराझ. सगळ्या नाशिककडच्या. तिथे वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, युरोपात मात्र ती ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. म्हणजे आम्ही पोपटी खात होतो तेव्हा नाशिककडे काढणी सुरू झालेली होती.

रेड एकच का? पोपटी हे त्याचं कारण. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. थंडीत रायगडात वालाच्या शेंगा तयार होतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेलं चिकन. पाण्याचा थेंबही नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. त्या धुरकट, ओवा-भांबुर्ड्याच्या वासापुढे रेडचा तुरटपणा कडवट लागतो, आणि तिखट त्यात अजून तिखट होतं. किंचित गोडसर, आंबटसर, थंड चेनिन मात्र तिखटाला सांभाळून घेते.

थंड हा शब्द महत्त्वाचा. स्पार्कलिंग 6 ते 8 अंश, व्हाइट 8 ते 12, रेड 16 ते 18. रेड 'रूम टेंपरेचर'ला द्यावी म्हणतात, ती रूम युरोपातली! आपल्याकडे रेडही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली बरी.

फार्महाऊसचा फ्रिज छोटा, आणि तो चिकन आणि श्रीखंडाने भरलेला. मग काकूचा मुलगाच पुढे झाला. बादलीत बर्फ, त्यात बाटल्या बुडतील इतकं पाणी आणि दोन मुठी मीठ. नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते, पाणी मात्र बाटलीला सगळीकडून चिकटतं, आणि मिठामुळे ते शून्याच्याही खाली जातं. वीस मिनिटांत स्पार्कलिंग गारेगार. बाबा तेवढ्यात मुलांना इथल्या पॉवर हाऊसची गोष्ट सांगत होते, वरच्या आंध्रा तलावाचं पाणी खाली आणून 1922 पासून वीज कशी बनते वगैरे. मुलांचं लक्ष जाळाकडे.

ग्लास 30 आणले होते, सगळे एकसारखे. निम्म्यांत स्पार्कलिंग, निम्म्यांत कोकम सरबत, एकाच टेबलावर, एकाच ट्रेमध्ये. भरणारा मी एकटा. खाणं आधी, ग्लास नंतर. एक दिवसाचा परवाना काढला होता, आणि महाराष्ट्रात वाइनला वयाची अट 21 आहे, म्हणून कॉलेजातली भाची कोकमाच्या बाजूला (तिची कुरकुर वेगळी). कुणाला गाडी चालवायची नव्हती, सगळे कर्जत लोकलने भिवपुरी रोडला उतरून रिक्षाने आलेले.

मडक्यावर पाणी शिंपडल्यावर चर्र आवाज आला, पोपटी उतरवली. मी आई-बाबांसाठी दोन वाक्यं बोललो, तिसऱ्या वाक्याला घसा बसला. सगळ्यांनी ग्लास उचलले. काकूच्या मुलाने ट्रेमधून कोकम उचललं. कुणी काही विचारलं नाही. मावसकाकांच्या ओठांवर आलं होतं, बायकोने त्यांच्या पुढ्यात शेंगांची पाटी सरकवली.

मी चोरून काकूकडे पाहिलं. ती शेंगा सोलत होती. आईला म्हणाली, "वाल छान कोवळे आहेत यंदा." बस्स.

बाबांनी आयुष्यातली पहिली वाइन प्यायली, दोन घोट. म्हणाले, "ह्यापेक्षा कोकम बरं." आईने मात्र ग्लास संपवला :)

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलमध्ये काकू माझ्या शेजारी बसली होती. नेरळ गेल्यावर हळूच विचारलं, "किती उघडल्यास?"

"चार."

"आणि आणल्या होत्यास सहा."

"हो. दोन सीलबंद आहेत, बॅगेत."

काकूने बॅगेकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. मग पिशवीतून डबा काढला. रात्रीच्या उरलेल्या शेंगा होत्या. "घे रे थोड्या," म्हणाली.

मी घेतल्या.