भाच्याची सॅक आणि तंबूतली शेगडी

ताईचा फोन भरदुपारी आला की समजावं, काहीतरी बिनसलंय. "तुझा भाचा शिकारीला निघालाय. तूच समजाव त्याला, माझं ऐकत नाही."

भाचा ३४ वर्षांचा, डेन्व्हरला सॉफ्टवेअरमध्ये. ऑफिसातल्या मित्राबरोबर ऑक्टोबरच्या हंगामात कोलोराडोच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला जाणार होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराहून बराच मोठा हरणाचा प्रकार. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. तिथे रीतसर परवाना काढून ती करता येते. मला स्वतःला शिकार रुचत नाही. पण फोन लावला, तर माझं 'नको' बाहेर पडायच्या आतच त्याने विचारलं, "मामा, तू एवढे ट्रेक केलेस. सॅक कुठली घेऊ? आणि तंबू?"

त्याने एक सॅक पसंत करून ठेवली होती. जेमतेम १ किलोची, दिसायला सुंदर. मी म्हटलं, ही नको. का नको, ते सांगण्यासाठी मला माझीच एक जुनी फजिती सांगावी लागली.

१९९३ साली, एमडी करत असताना, आम्ही चौघे हिमाचलमधल्या हामटा खिंडीच्या ट्रेकला गेलो होतो. सॅक उसनी आणलेली. तिला कमरेचा पट्टाच नव्हता. १८-२० किलो वजन पाच दिवस नुसत्या खांद्यांवर. परतीच्या वाटेवर केस विंचरायला उजवा हात उचलला, तर तो खांद्याच्या वर जाईना. दुखत मुळीच नव्हतं. हात फक्त माझं ऐकत नव्हता. मेडिसिनचा रेसिडेंट असूनही मी 'थंडीने आखडला असेल' म्हणून आयोडेक्स चोळत बसलो. मुंबईत आल्यावर आमच्या सरांनी एका मिनिटात ओळखलं: रकसॅक पाल्सी. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, खांद्याच्या पट्ट्याखाली दबला होता. सुदैवाने नसा तुटलेल्या नव्हत्या. हात पूर्ववत व्हायला तीन महिने लागले. तोवर राउंडला बीपी मोजायचं काम ज्युनिअरकडे.

म्हणून सॅक घेताना आधी कमरेचा पट्टा बघा. वजनाचा मोठा भाग कमरेच्या हाडांवर यायला हवा, खांद्यांनी सॅक फक्त मागे कलंडू न देण्यापुरती धरायची. मान पुढे वाकवली की तळाशी एक उंचवटा हाताला लागतो. तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत पाठीची लांबी मोजायची आणि त्या मापाची सॅक घ्यायची. माणसाच्या उंचीवर जाऊ नका. सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते. दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्यात अर्थ नाही, १५ किलो भरून अर्धा तास फिरा. पट्टा हाडाच्या कडेवर बसला पाहिजे. तो खाली सरकून जांघेजवळ काचला, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. (ही तक्रार माझ्याकडे ट्रेकर्सपेक्षा सुटलेलं पोट आणि घट्ट पट्टा असलेले पेशंटच जास्त आणतात.)

आता शिकाऱ्याची गोष्ट वेगळी का, ते बघा. आपल्या ट्रेकमध्ये सॅक रोज हलकी होत जाते, शिधा संपतो. शिकाऱ्याची उलटी तऱ्हा. जाताना २० किलो, आणि शिकार झालीच तर येताना दुप्पट. मोठ्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांसच ८०-१०० किलो भरतं. ते टाकून येणं तिथे गुन्हा आहे. म्हणजे पाठीवरून चार-पाच खेपा, त्याही दमलेल्या पायांनी, उतारावर, बहुधा अंधारात. १ किलोची सॅक तिथे खचते, वजन मागे लोंबतं, आणि माणूस कमरेत वाकून चालू लागतो. या कामासाठी ताठ फ्रेमच्या सॅक मिळतात. फ्रेम आणि पिशवी यांच्यामध्ये मांस बांधता येतं, त्यामुळे सगळ्यात जड वस्तू पाठीला चिकटून राहते. वजन मणक्यापासून जितकं लांब, तितका कमरेवर ताण जास्त. हातात पाण्याची बादली लांब धरून पाहा, लगेच पटेल. अशी सॅक अडीच-तीन किलोंची असते. मी म्हटलं, वजन तंबूत वाचव, सॅकमध्ये नको.

तर पठ्ठ्याने तंबूही ठरवलेला! बिनतळाचा, मधे एकच काठी, शंकूसारखा, एका कापडाचा. दोघांना पुरतो, वजन दीड किलोच्या आत. त्यात पत्र्यासारखी पातळ, घडीची टायटॅनियमची शेगडी आणि गुंडाळता येणारं धुराडं.

तंबूबद्दल माझी तक्रार नव्हती. एकेरी कापडावर आतून दंव धरतं; झोपेत दोन माणसं श्वासातूनच पेलाभर पाणी बाहेर टाकतात. ते स्लीपिंग बॅगवर ठिबकलं की पिसांची बॅग गोळा होते आणि ऊब जाते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. त्याला बर्फच लागतो असं नाही, घामाने ओला सुती बनियन आणि वारा पुरेसा असतो. थंडीने कुडकुडणारा माणूस अजून लढतोय. कुडकुडणं थांबलं, बोलणं अडखळू लागलं, तर मात्र धोका. म्हणून शेगडी चैनीची नाही, कपडे वाळवायला ती खरोखर उपयोगी. जमिनीची थंडी अडवणारी जाड चटई मी त्याला वेगळी घ्यायला लावली.

माझी भीती शेगडीच्या धुराड्याबद्दल होती. लाकूड धुमसलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. ३,००० मीटरवर हीच लक्षणं उंचीमुळेही होतात, आणि 'विरळ हवेमुळे असेल' म्हणून माणूस तंबूची चेन ओढून झोपतो. दोघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं आणि बाहेर मोकळ्या हवेत उतरलं, तर उंचीला दोष देऊ नका. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो: या वायूने भरलेलं रक्तही तो ९८ टक्के दाखवू शकतो. आपल्याकडे बंद बाथरूममधला गॅस गीझर आणि थंडीत तंबूत नेलेली कोळशाची शेगडी नेमकं हेच करतात.

त्याला तीन अटी घातल्या. झोपण्यापूर्वी शेगडी विझवायची, वरची खिडकी कायम उघडी, आणि बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाशी. "मामा, दोनशे ग्रॅम वजन वाढतं," तो कुरकुरला. वडिलांना ४९व्या वर्षी अटॅक आलेला, म्हणून निघण्यापूर्वी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासायलाही सांगितलं. तेही त्याने कुरकुरतच केलं.

परतल्यावर फोन आला. एल्क दिसलं नाही. पाठीवरून आला तो ओला तंबू. मग आवाज खाली आणून म्हणाला, दुसऱ्या संध्याकाळी जेवण झाल्यावर शेगडीत मोठं लाकूड घालून दोघे पडले आणि डोळा लागला. बाहेर बर्फ पडत होता. तंबूची खालची कड बर्फाने बंद झाली, वरची खिडकीही लिंपली गेली. अलार्मने उठवलं तेव्हा मित्राला बसताही येत नव्हतं. याने चेन उघडून त्याला काखेत हात घालून बाहेर ओढलं. तासभर दोघे बर्फात स्लीपिंग बॅग पांघरून बसले, आणि पहाटे सगळं आवरून खाली हॉस्पिटलात गेले. ऑक्सिजन दिला, संध्याकाळी सोडलं.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

ताई हा ब्लॉग वाचते, हे त्याला माहीत नसावं.