वर्टचा पाय आणि वरणगावची गोळी

डायब्लो या संगणकावरच्या खेळात वर्ट नावाचा एक आगाऊ पोरगा आहे. राक्षसांनी त्याला पळवून नेलं, गावच्या लोहाराने सोडवून आणलं, पण तेवढ्यात त्याचा एक पाय गेला. आता लाकडी पायावर उभा राहून तो गावापासून जरा बाजूला चोरटा माल विकतो. माल नुसता बघायचा म्हटलं तरी आधी पन्नास मोहरा मोजायच्या. पसंत नाही पडला तर मोहरा गेल्या. 2000 साली खेळाचा दुसरा भाग आला तेव्हा ते गाव जळून खाक झालेलं होतं आणि वर्ट मरून पडलेला. त्याच्या प्रेताला हात लावला की आयुष्यभर लुबाडलेल्या मोहरांचा ढीग बाहेर पडतो. सोबत पडतो त्याचा लाकडी पाय.

हा पाय हत्यार म्हणून हातात धरता येतो. सैतानाच्या नायनाटाला निघालेला नायक, अंगावर चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण आणि परजायला काय, तर एका मेलेल्या पोराचा लाकडी पाय! मार म्हणाल तर फुटकळ. दहा मिनिटांत त्याहून बरी कुऱ्हाड रस्त्यात सापडते. म्हणून बहुतेक जण तो तिथेच टाकून पुढे जातात.

ज्याला माहीत असतं तो टाकत नाही. पहिल्या भागात त्या गावात काही गायी उभ्या असत. कोणीतरी अफवा सोडली की गायींवर ठरावीक वेळा क्लिक केलं की गुप्त पातळी उघडते. पोरांनी बोटं झिजवली, काही उघडलं नाही, कारण तसं काही नव्हतंच. खेळ काढणारी ब्लिझर्ड कंपनी चिडली नाही, उलट खेळात सामील झाली. 1998 साली त्यांचाच स्टारक्राफ्ट आला, त्यात ‘गायींची पातळी नाही’ हे इंग्रजी वाक्य टंकलं की चालू लढाई आपोआप जिंकता येई. आणि दोन वर्षांनी डायब्लोच्या दुसऱ्या भागात त्यांनी ती पातळी खरोखरच बांधली. तिची किल्ली म्हणजे वर्टचा पाय. खेळ एकदा पुरा करायचा, मग तो पाय आणि घरी परतायच्या मंत्राची पोथी एका जादूच्या पेटीत टाकायची, की लाल दरवाजा उघडतो. पलीकडे मागच्या दोन पायांवर चालणाऱ्या, लांब दांड्याची परशूसारखी हत्यारं घेतलेल्या गायींचा कळप. त्या हंबरत अंगावर येतात आणि हसता हसता आपला जीव घेतात.

हे ज्ञान मला मिळालं ते भुसावळजवळच्या दीपनगरला, औष्णिक वीजकेंद्राच्या कॉलनीत. तो भारनियमनाचा काळ. आसपासच्या गावांत दिवसाचे तासन् तास अंधार, आणि आमच्या क्वार्टरमधला पंखा फिरत असायचा. चिमण्यांखाली राहण्याचा हा एक फायदा. तोटा म्हणजे दोरीवरचे कपडे झटकले की राख उडायची. वीज असलेल्या घरात संगणक असला की ते घर आपोआप सार्वजनिक व्हायचं. खुर्चीवर एक, खुर्चीच्या दोन्ही हातांवर दोघे, मागे पलंगावर चौघे सल्लागार. सीडी कुठून आली हे विचारायचं नाही. ‘पाय टाकू नको रे भो, पाय ठेव’ असं मागून कोणीतरी ओरडायचं, आणि स्वयंपाकघरातून कोणाचा पाय म्हणून विचारणा व्हायची.

दीपनगरच्या दोन्ही अंगांना खरी हत्यारं होतात, हे इथे सांगायला हवं. एकीकडे भुसावळचा आयुध निर्माणी कारखाना, 1949 पासूनचा. दारूगोळ्याच्या पेट्या, डबे, पिंपं हे त्याचं जुनं काम. दुसरीकडे वरणगावचा कारखाना, तिथे बंदुकीची काडतुसं होतात, 5.56 आणि 7.62 मिलिमीटरची. 2021 च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, कारखान्यांच्या पाट्या बदलल्या, लोकांच्या तोंडी मात्र अजून ‘ऑर्डनन्स’च आहे. आमच्या वर्गात निम्मी पोरं थर्मलची, उरलेल्यांत बरीच ऑर्डनन्सची आणि रेल्वेची. काडतूस बनवणाऱ्या बापाच्या पोराला बापाच्या कामाचं काही अप्रूप नसे. त्याच्या दृष्टीने बाप म्हणजे पहिली पाळी, डबा, सायकल, ओव्हरटाइम, कँटीनमधला वडा आणि सोसायटीचं कर्ज. गोळी ही घरात न दिसणारी, पण ज्यावर घर चालतं अशी वस्तू.

म्हणून असेल, खेळातल्या हत्यारांचा भपका मला नेहमी जरा संशयास्पद वाटत आला. तिथली तलवार आकाशातून पडल्यासारखी असते. तिला नाव असतं, वंशावळ असते, पातं निळं चमकतं, शेजारी आकडे असतात. ती कोणी घडवली हे मनातही येत नाही. वर्टचा पाय हाती आला की मात्र ताबडतोब माणूस आठवतो. कुठल्यातरी कचेरीत, रात्री उशिरा, चहा पिऊन कंटाळलेल्या चार जणांना हे सुचलं असणार. एक म्हणाला असणार, ‘टाकू या का?’ आणि बाकीचे खिदळले असणार. त्या पोकळ, भीषण, रक्ताने माखलेल्या दुनियेत एवढ्या एकाच जागी तिचा कर्ता डोकं बाहेर काढतो आणि आपल्याकडे बघून डोळा मारतो. हत्याराला माणूस चिकटलेला दिसला की त्याचा दरारा उतरतो. वरणगावच्या पोरांना हे जन्मतःच ठाऊक असतं.

जपानी लोक या बाबतीत आणखी बेरकी. फायनल फँटसी या खेळाच्या 1992 च्या पाचव्या भागात गिल्गमेश नावाचा एक बडबड्या योद्धा आहे. जगातली थोर तलवार मिळाली म्हणून तो फुशारतो, वार करतो आणि समोरच्याचं नुकसान होतं एक. अक्षरशः एक. त्या तलवारीचं नाव एक्सकॅलिपूर, आणि गंमत अशी की कागदावर तिची ताकद शंभर लिहिलेली आहे. ज्यांनी सरकारी खरेदीचे कागद पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

मग पबजी आलं. हा डायब्लोच्या जातीचा खेळ नाही, इथे नायकाची कथा वगैरे काही नाही, शंभर माणसं उतरतात आणि एक उरतो. पण 2018 मध्ये ते फोनवर आलं आणि आमच्याकडच्या पारावर, बसस्टँडवर, कॉलनीच्या पाण्याच्या टाकीखाली माना खाली घातलेल्या पोरांच्या रांगा लागल्या. त्यातलं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे तळणीचा पॅन. गोळ्या संपल्या की डोक्यात घालायचा, आणि एरवी कमरेला मागे लटकवून ठेवायचा. गोळी त्या पॅनवर लागली तर टण्णकन आवाज होतो आणि माणूस वाचतो. चिलखत फाटतं, शिरस्त्राण फुटतं. पॅनला ओरखडाही येत नाही. विनोद म्हणून ठेवलेली वस्तू त्या खेळातली सगळ्यात भरवशाची ढाल होऊन बसली.

आता गंमत पाहा. त्या खेळातल्या मुख्य गोळ्यांचे प्रकार दोन: 5.56 आणि 7.62. पोरं एकमेकांना ओरडून मागायची, ‘सेव्हन आहे का? फाइव्ह टाक!’ वरणगावच्या रस्त्याला, कारखान्याच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर बसून पोरं काल्पनिक बेटावर गोळ्या वेचत होती, आणि आत त्याच मापाची काडतुसं पाळीपाळीने तयार होत होती. कुंपणाच्या आतल्या गोळीला पॅन अडवू शकत नाही, हे बाहेरच्या प्रत्येक पोराला कळत होतं. टीव्हीवरच्या चर्चांत मुलं खेळापायी हिंसक होतात असं तावातावाने सांगितलं जाई. त्या मंडळींनी हा टण्ण आवाज आणि त्यामागचा हशा एकदा ऐकायला हवा होता. 2020 च्या सप्टेंबरात सरकारने पबजीवर बंदी घातली, ती चिनी संबंध असलेल्या ॲपच्या यादीत. पॅनचा त्यात काही दोष नव्हता.

स्वयंपाकघरातली वस्तू हत्यार म्हणून उगारणं हा आपल्याला नवा प्रकार नाही. 1972 च्या दुष्काळानंतर महागाई भडकली, तेल-साखर-रॉकेल मिळेना, तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्या मागे हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. लाटणं मोर्चा. थाळ्या बडवल्या, लाटणी नाचवली. नवऱ्याला लाटण्याने बडवणारी बायको हा व्यंगचित्रांतला तोवरचा शिळा विनोद. त्या बायकांनी तोच उचलला आणि त्याचं तोंड मंत्रालयाकडे वळवलं. समोरच्या पोलिसाची काय पंचाईत झाली असेल! दगडाला उत्तर असतं, लाठीला उत्तर असतं. लाटण्यावर लाठी चालवणारा माणूस मात्र मार देऊनही हास्यास्पदच दिसणार. रात्री घरी जाऊन त्याला त्याच लाटण्याने लाटलेली पोळी खायची असते, हे वेगळंच.

पण हसण्याजोगं हत्यार नेहमी भल्याच बाजूला असतं, असं मी म्हणणार नाही. महाभारताच्या मौसल पर्वात द्वारकेची टवाळ पोरं कृष्णाच्या मुलाला, सांबाला, गरोदर बाईचं सोंग देतात आणि आलेल्या ऋषींना विचारतात, हिला काय होईल? ऋषी चिडून म्हणतात, मुसळ होईल. खरंच लोखंडी मुसळ होतं. घाबरून त्याचा भुगा करतात, समुद्रात टाकतात. त्यातून किनाऱ्यावर लव्हाळं उगवतं आणि पुढे प्रभासक्षेत्री दारू प्यालेले यादव तेच लव्हाळं उपटून एकमेकांना मारतात. जवळजवळ सगळं कुळ संपतं. थट्टेतून जन्मलेलं इतकं भयंकर हत्यार दुसरीकडे कुठे असेल तर मला माहीत नाही. मला यात फरक दिसतो तो एवढाच: लाटणंवाल्या बायका स्वतःवरचा विनोद हातात घेऊन वरच्याला हसल्या, आणि ही राजाची पोरं दारात आलेल्या पाहुण्यांना. वर्टच्या पायाबद्दलही कधी कधी वाटतं की एका लंगड्या पोराच्या मरणावर हा विनोद उभा आहे. खेळताना हे जाणवत नाही. नंतर जाणवतं, आणि तरी मी तो पाय टाकणार नाही.

सध्या पुण्यात चांगले खेळ तयार होताहेत. ‘राजी’ 2020 मध्ये आला, त्यात त्रिशूळ आहे, धनुष्य आहे. 2024 मध्ये ‘इंडस’ आला, त्यात बंदुकाच बंदुका आहेत. काम देखणं आहे, अभिमान वाटावा असं. पण आपल्या पोरांनी देखणं काम केलं की ती लगेच गंभीर होतात. तेव्हा त्या मंडळींना एका खानदेशी माणसाची विनंती: पुढच्या खेळात कुठेतरी अडगळीत एक लाटणं ठेवा. जमलं तर जळगावचं भरताचं वांगंही ठेवा, बामणोदचं, हातात गदेसारखं धरता येईल असं. 2016 पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा वंशावळीचाही प्रश्न नाही. वार केला तर नुकसान एक. पण कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी मुसळीने ठेचलं की सगळ्या टोळीचं बळ परत आलं पाहिजे. आकडे तुम्ही ठरवा. मिरची मात्र हिरवीच घाला.