समोरच्या दवाखान्यातल्या चपला

एमडी होऊन दवाखाना थाटला, तेव्हा समोरच्या गल्लीत एका डॉक्टरांची प्रॅक्टिस जोरात होती. संध्याकाळी माझ्या बाकावर तीन-चार पेशंट, त्यांच्या दारात चपला ठेवायला जागा नाही. येता-जाता मी त्या चपला मोजायचो. (हसू नका, खरंच मोजायचो.)

त्यांच्याकडे थोडा अशक्तपणा असला तरी सलाईन लावत. मी जुलाबाच्या पेशंटला मीठ-साखरेचं पाणी सांगितलं, की तो 'बरं' म्हणून उठायचा आणि समोर जाऊन सलाईन लावून घ्यायचा. काही महिने हे पाहिलं आणि मग मीही दोन खाटा टाकल्या.

त्या पावसाळ्यात एक आई सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. सकाळपासून चार-पाच जुलाब, एक उलटी. जीभ ओली होती, लघवी होत होती, पोरगं पाणी मागत होतं. सलाईनची गरज नव्हती आणि ते मला कळत होतं. तरी लावली. पैसे देताना तिला कमी पडले. "उरलेले उद्या आणून देते," म्हणाली. निघताना तिने विचारलं, "परत असं झालं तर घरी काय करू?"

मी म्हणालो, "लगेच घेऊन या."

त्या उत्तराने मला रात्री झोप लागली नाही. एमबीबीएसला ओआरएस हा मार्कांचा प्रश्न होता, तो मी छान लिहिला होता. त्यामागचा माणूस मला त्या रात्री आठवला. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित बोनगावला आले, कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. कोलकात्याच्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपं भरली आणि ते पाणी पाजायचं काम नातेवाइकांच्या हाती दिलं. ग्लुकोजबरोबर मीठ आतड्यातून शोषलं जातं, त्यामागून पाणी. शंभरातले सुमारे ३० दगावत होते, ते प्रमाण ४ च्या खाली आलं. जे मी त्या आईपासून राखून ठेवलं, ते त्यांनी वाटून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पैसे घेऊन आली. मी घेतले नाहीत. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, हे तिच्याकडूनच करून घेतलं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजायचं. मूल गुंगीत गेलं, लघवी बंद झाली, पाणी पोटात ठरेना किंवा शौचात रक्त दिसलं, तर मात्र डॉक्टरकडे धाव घ्यायची. तिथे सलाईन लागू शकतं.

खाटा ठेवल्या, पण गरजेपुरत्याच. पेशंट घटले. वर्षभर कर्जाचे हप्ते भरताना घाम फुटला, हे लपवत नाही. बायको एकदा म्हणाली, "तत्त्वं बँकेत चालतात का?" तिचंही चुकलं नव्हतं.

पुढे एका लग्नात समोरचे डॉक्टर पंगतीत शेजारी बसले. मी खाटांचा विषय काढला. ते जिलबी मोडत म्हणाले, "अहो, तुम्ही दोन टाकल्यात म्हणून तर मी तिसरी घेतली."