मांडीवरची गिटार

नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागले, की वीसेक किलोमीटरवर अर्धापूर येते. गावाचे नाव काढताच कुणाला केळी आठवतात, कुणाला केशवराजाची मूर्ती. मला आठवते ती मामांची हवाईयन गिटार. यंदा दसऱ्याला गेलो, तर तीच विकायला निघालेली!

मामा आता ऐंशीच्या घरातले. कॉलेजात असताना व्हॅन शिप्ले यांच्या तबकड्या ऐकून त्यांनी हे वाद्य घेतले. शिप्ले मूळचे लखनौचे. पण मुंबईत राहून विजेच्या गिटारीवर त्यांनी सिनेमाच्या चाली घरोघर पोचवल्या. आजोबांना ते थेर पसंत नव्हते. मामा बागेत गुंतले, गिटार माळ्यावर गेली.

"उद्या परभणीचं गिऱ्हाईक येणार आहे," मामा म्हणाले.

मी काही न बोलता मोबाइलवर जॉश ग्रेव्हज लावला. हाही शिप्लेंसारखाच १९२७चा, गाव टेनेसीतले. बँजो-फिडलच्या त्या ब्लूग्रास संगीतात साध्या गिटारीचा आवाज बुडायचा. शिप्लेंनी त्यावर वीज वापरली. ग्रेव्हजच्या डोब्रोत मात्र पोटातच अॅल्युमिनियमची पातळ वाटी. तारेचा कंप त्या वाटीत उतरून खणखणीत होतो. डोप्येरा या स्लोव्हाक भावंडांनी ही गिटार बाजारात आणली. वाजवायची मात्र मामांसारखीच: मांडीवर आडवी घेऊन, तारांवर पोलादी कांडी फिरवत. १९५५ साली फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्या मंडळाने ग्रेव्हजला घेतले ते बास वाजवायला! थोड्याच दिवसांत त्याने डोब्रो मांडीवर घेतली. बँजोवाल्या स्क्रग्जकडूनच उचललेली तीन बोटांची चलाखी त्याने तिच्यावर आणली, आणि ब्लूग्रासमध्ये या वाद्याला मानाची जागा मिळाली. २००६ साली तो वारला.

मामा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "अरे, हा तर मींड घ्यायलाय की!" (मराठीच्या मास्तराला मींड काय कळणार, असा त्यांचा नेहमीचा समज. मी मान डोलावली.)

"बास सोडून हे धरलं, तेव्हा वय काय रे त्याचं?"

"सत्तावीस."

मामा गप्प झाले. त्यांची गिटार माळ्यावर गेली, तेव्हा तेही त्याच वयाचे होते. मामी चहा घेऊन आल्या, तो निवून गेला.

सकाळी पाहतो, तर गिटार मांडीवर. दोन तारा तुटलेल्या, उरलेल्या गंजलेल्या. परभणीच्या गिऱ्हाइकाला काय कळवायचे, ते मामींनी विचारले.

मामांनी तिकडे लक्षच दिले नाही. "नांदेडात तारा मिळतील का रे?" ते मला म्हणाले, आणि चपला शोधू लागले.