वीणा खाली ठेवायची नसते



आज जरा संकोचाचा विषय घेऊन तुमच्यापुढे बसलो आहे. पारावर आपण गुडघेदुखी सांगतो, साखर सांगतो, रक्तदाब सांगतो. पोटाचे मात्र कुणी सांगत नाही. मीही अडीच वर्षे सांगितले नाही. तेवढ्यात माझ्या दोन वाऱ्या चुकल्या आणि गळ्यातली वीणा गेली. तुमच्यातल्या कुणाचे तसे होऊ नये म्हणून हे लिहितो.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याचा, हळद लावणारा शेतकरी. साथीमुळे दोन वर्षे थांबलेली पायी वारी २०२२ साली पुन्हा सुरू झाली. १० जुलैला आषाढी होती. एकादशीच्या तोंडावर पंढरपुरात असतानाच गावाकडून फोन आला, कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले. कळसाचे दर्शन घेऊन परत फिरलो. घरात गाळ साचला होता, कणग्यांतले धान्य भिजले होते. गाळ उपसताना हाती लागेल ते पाणी प्यालो. आठवड्याच्या आत जुलाब लागले, ताप आला. औषधाने तेवढे थांबले. पण पोट पूर्वीसारखे झालेच नाही.

सकाळी तीन-चार वेळा धाव. ओटीपोटात मुरडा. जाऊन आले की बरे वाटे, तासाभराने पुन्हा तेच. मग दोन दिवस काहीच नाही, पोट नुसते फुगलेले.

त्या हिवाळ्यात गावचा अखंड हरिनाम सप्ताह होता. मी वीणा घेऊन पहाऱ्याला उभा होतो. अर्धा तास झाला आणि कळ आली. तुम्हाला ठाऊकच आहे, पहाऱ्यात वीणा खाली टेकवायची नसते. घाम फुटला. समोर टाळ वाजवणाऱ्या पोराच्या गळ्यात वीणा घातली आणि पळालो. परतल्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मला मात्र वाटले, सगळ्या मंडपाला कळले. त्या दिवसापासून मी वीणा घेतली नाही. कीर्तनाला बसलो तर दाराजवळ. बाहेरगावी जायचे तर दिवसभर उपाशी. २०२३ आणि २०२४ च्या वारीला शेतातल्या कामाचे निमित्त सांगितले. आत एक काटा सलत होता : सेवेत माझी काय खोट राहिली, म्हणून देवाने मला वाटेवरून उठवले?

एका डॉक्टरांनी सांगितले, “मनाचं आहे, विचार करू नका.” मला राग आला. कळ खरी आणि आजार मनाचा कसा? शेवटी कारभारणीने हट्ट धरला आणि आम्ही नांदेड गाठले. रक्त, शौच, दुर्बिणीची तपासणी, सगळे झाले. सगळे ठीक आले. तिथल्या डॉक्टरांनी मात्र कागद बाजूला ठेवून समजावले. या आजाराला आयबीएस म्हणतात. आतड्याला जखम नसते, गाठ नसते. पण आतड्याचे चलन बिघडते आणि त्याच्या नसा हळव्या होतात. दूषित पाण्याने जुलाब झाल्यावर साधारण दहांतल्या एकाला तो मागे राहतो. आतड्यात दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात आणि त्यांचे मेंदूशी सतत बोलणे चालते. म्हणून भीतीने कळ वाढते आणि कळेने भीती. मी मनाशी म्हटले, हा तर वाद्या जास्त ओढलेला मृदंग. नुसते बोट लागले तरी मोठ्याने बोलतो. मृदंग फुटलेला नाही, हे कळले तेव्हाच अर्धा भार उतरला.

पण एक सांगतो, माउली. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, ताप येत असेल, रात्री कळेने झोप मोडत असेल, रक्त कमी झाले असेल किंवा पन्नाशीनंतर हे पहिल्यांदा सुरू झाले असेल, तर माझे वाचून घरी बसू नका. आधी तपासणी करा.

डॉक्टरांनी एक वही घालायला लावली. तीन आठवडे काय खाल्ले, काय झाले, ते लिहायचे. वहीने माझे गुन्हेगार दाखवले. उपाशीपोटी कडक चहा, ठेचा, कच्चा कांदा, हरभऱ्याची उसळ. गव्हाच्या पोळीपेक्षा ज्वारीची भाकरी सोसते, हेही तिथेच कळले. तुमची वही वेगळे सांगेल. इसबगोल त्यांनी थोड्या प्रमाणात, भरपूर पाण्याबरोबर सुरू केले. कळेसाठी गोळी दिली. रोज पहाटे टोकाईच्या गडाकडे चालणे ठेवले.

सगळ्यात अवघड गेली ती एकादशी. दिवसभर कडकडीत राहायचे आणि संध्याकाळी साबुदाणा, शेंगदाणे, तळलेले बटाटे पोटभर खायचे, हा माझा उपवास. द्वादशीला हमखास मुरडा. आता दुपारी थोडी भगर, ताक, रात्री पुन्हा थोडे. आधी मनाला लागले. मग गीतेच्या सहाव्या अध्यायातले सोळावा आणि सतरावा हे श्लोक ज्ञानेश्वरी उघडून पुन्हा वाचले. फार खाणाऱ्याला योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, असे तिथे सांगितले आहे. इतकी वर्षे पारायणात तो भाग वाचला; आपल्यासाठी आहे हे पोटाने शिकवले.

नामाने आजार गेला, असे मी म्हणणार नाही. औषध चालू आहे, वाईट दिवस अजूनही येतात. पण कळ आली की पूर्वी मी श्वास रोखून धरायचो. आता हरिपाठाच्या संथ चालीत श्वास सोडतो. कळ राहते, घाबरणे ओसरते.

आणि शेवटी बोललो. २०२५ च्या वारीआधी दिंडीतल्या वडीलधाऱ्या महाराजांपुढे बसून सगळे सांगितले. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “अरे, वीणा खाली ठेवायची नसते, दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची असते. त्या दिवशी तू तेच केलंस. त्यात चुकलं कुठं?”

त्या वर्षी मी गेलो. वीणा घेतली, तोच टाळकरी पोरगा शेजारी चालत होता. पिशवीत जलसंजीवनीची पाकिटे, उकळलेले पाणी. पंगतीत निम्मेच वाढून घेतले. मुक्कामावर फिरती शौचालये कुठे आहेत, ते आधी पाहून ठेवले. वाटेत दोनदा वीणा त्याच्या गळ्यात गेली, दोनदा परत आली. ६ जुलैला एकादशी झाली.

परतीच्या वाटेवर कारभारणीने सांगितले, मी बोललो हे कळल्यावर दिंडीतल्या दोन बायांनी तिला आपलेही तेच असल्याचे सांगितले. आडोसा मिळणार नाही या धाकाने त्या दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. एकजण अकरा वर्षे तशीच चालत होती.

तुमच्याही गावच्या कीर्तनात कुणी रोज दाराजवळच बसत असेल, पंगतीतून अर्धपोटी उठत असेल, वारीचा विषय निघाला की शेतीचे काम सांगत असेल. त्याला एकदा बाजूला घेऊन विचारा.

रामकृष्णहरी.