शिवडीच्या काठावर

माणदेशी माणसाचे मुंबईशी नाते पाण्यापायी जडले. पाऊस रुसला, माणगंगा आटली, की घरातला एखादा माणूस गिरणीत किंवा बंदरावर हमालीला जायचा. १९७२ च्या दुष्काळात माझे चुलत आजोबा असेच गेले. त्यांच्यामागे शिवडीच्या बी.डी.डी. चाळीतली खोली राहिली. चुलती आजारी, तिच्या हाताखाली कोणी हवे, म्हणून अकरावी-बारावीची दोन वर्षे मी तिथे काढली.

या चाळी १९२० नंतरच्या दशकात इंग्रज सरकारने बांधल्या. खोली एकशे साठ चौरस फुटांची, संडास सामाईक. शेजारी कोकणातले गुरव, समोर तेलुगू कुटुंब, खाली उत्तर प्रदेशचा इस्त्रीवाला. आमच्याकडे बाजरीची भाकरी थापली की तेलुगू काकू तव्यापाशी येऊन बसत; चुलतीला ताप आला की त्यांच्याकडून सार येई.

समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. पण तिथे लाटा नाहीत, चिखल आहे. हिवाळ्यात त्या चिखलावर हजारो रोहित पक्षी उतरतात. आमच्या शेजारच्या मायणीच्या तलावावरही ते येत. जिथे चारा तिथे पाखरू, माणसांचे तरी निराळे काय!

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा जवळजवळ बावीस किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. आसपास टॉवर आधीच उठत होते. जिथे राहतो म्हणून सांगायला लोक कचरत, त्या शिवडीला भाव आला. चाळीत मात्र एकच विषय : आपले काय? वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर, त्यामुळे त्यांचा प्रश्न मागे पडला.

चाळीच्या एकोप्याचे गोडवे गाणे सोपे आहे. पहाटे बादली घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला विचारावे! चुलतीला घर हवेच आहे, आणि ते दाराआड संडास असलेले हवे आहे. तात्या वाशीच्या बाजारात माथाडी आहेत. त्यांचा हिशेब वेगळा : "घर फुकट मिळंल गं, पण लिफ्टचा न् देखभालीचा म्हयन्याचा पैका कुठनं आणायचा?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला अजून सापडलेले नाही.

ज्यांनी पोती वाहून हे बंदर चालवले, त्यांना त्याच्या काठावर राहण्याचा पहिला हक्क असावा, असे मला वाटते. तो हक्क नुसत्या चावीने पुरा होत नाही. तिथे टिकून राहता आले पाहिजे.

आता उरमोडीचे पाणी माणच्या काही गावांत पोहोचले आहे. "परत या, दोघं मिळून शेती करू," असे वडील तात्यांना म्हणतात. तात्या हसतात. "पाणी तिकडं आलं खरं, पर माझी माणसं आता हितं हायेत." पाण्यासाठी सुटलेले गाव पाणी आल्यावर परत मिळतेच असे नाही, हे मी शिवडीत शिकले.